सोळा मात्रांचें ऋण

गेल्या पावसाळ्यांत आमच्या कपाटाच्या खालच्या खणाला ओल आली, आणि तेथें कित्येक वर्षें निमूट उभ्या असलेल्या आमच्या इंग्लिश तबकड्या बाहेर काढणें भाग पडलें. मोजून पाहिल्या तों १४२ निघाल्या. बारा इंच व्यासाच्या, बहुतेकींच्या प्रत्येक बाजूस एकेकच चीज, आणि वेष्टनांवर करड्या बुरशीची नक्षी. १९९५ ते १९९७ हीं दोन वर्षें आम्ही शिक्षणासाठीं लंडनमध्यें होतों. शिष्यवृत्तीच्या तुटपुंज्या पैशांतून, प्रसंगीं एक वेळच्या जेवणास फांटा देऊन, त्या घेतलेल्या होत्या. त्यांवर जें संगीत आहे त्याला तिकडे ‘ड्रम अँड बेस’ म्हणतात. त्याचें आधींचें व अधिक रांगडें नांव ‘जंगल’. आमच्या बोलींत सांगावयाचें तर ताशा आणि खर्ज.

तबकड्या पुसण्याचें काम मोठें संथ असतें. ऊर्ध्वपातित पाण्यांत भिजविलेलें मऊ फडकें खांचांच्या दिशेनें फिरवावें, तबकडी सावलींत उभी करावी, वाळली म्हणजे एकदां वाजवून पाहावी. दिवसाला सात-आठांहून अधिक होत नाहींत. त्यामुळें जवळजवळ तीन आठवडे आमच्या घरीं संध्याकाळीं हें संगीत चालूं होतें, आणि तीस वर्षांपूर्वीं जें आम्हीं पायांनीं ऐकलें होतें तें या वेळीं खुर्चींत बसून कानांनीं ऐकलें.

अशाच एका संध्याकाळीं आमचे एक वडीलधारे स्नेही आले. चाळीस वर्षें त्यांनीं गाणें ऐकलें आहे, आणि तेंही पहाटेच्या भैरवीपर्यंत मांडी न मोडतां. त्यांच्या कानाविषयीं आम्हांस खरोखर आदर आहे. पांच मिनिटें त्यांनीं सोसलें, आणि म्हणाले, “प्रोफेसर, हें तुम्ही पदरचे पैसे देऊन आणलेंत?” चहा येईपर्यंत त्यांचें निकालपत्रही वाचून झालें. हा गोंगाट आहे. हा यंत्रानें केलेला आहे, यांत माणसाचा हात नाहीं. आणि जो काय थोडाफार हात आहे तो दुसऱ्यांच्या तबकड्यांत घातलेला आहे, तेव्हां ही चोरीही आहे.

हें मत त्यांच्या एकट्याचें असतें तर आम्हीं लेखणी उचलली नसती. परंतु आमच्या बहुतेक सुशिक्षित घरांतून हेंच मत आहे, आणि तें न ऐकतां बनलेलें आहे. पाश्चात्य संगीत म्हणजे बीथोवेन आणि मोझार्ट, तेही बहुधा नांवापुरते. त्यापलीकडे जें कांहीं ठोके घालतें तें मुलांचें खूळ, अशी आमची वाटणी झालेली आहे. ज्या समाजाला ‘अहो, लय जरा सुटली’ असें म्हणतां येतें, आणि तें म्हणण्यांत ज्याला अभिमान वाटतो, त्यानें लयप्रधान संगीत कान झांकून निकालांत काढावें, याचा आम्हांस राग आहे.

प्रथम आमची चूक कबूल करतों. त्या दिवशीं आमचा मोठा स्पीकर नादुरुस्त होता, आणि आम्हीं मुलीच्या टेबलावरील वीतभर उंचीची पेटी जोडली होती. असल्या पेटींतून खर्ज निघतच नाहीं. या संगीताचा पाया सेकंदाला चाळीस ते साठ कंपनांच्या टापूंत असतो, आणि तो टापू त्या पेटीला परका आहे. आमच्या स्नेह्यांनीं ऐकला तो एकटा ताशा. बायां मुका करून दायांची नुसती चांट ऐकविली, तर थिरकवा खांसाहेबांचा तबलाही आम्हांस टिकटिकच वाटेल. मोबाइलवर अर्धा मिनिट ऐकून या संगीताला नांवें ठेवणाऱ्या सर्वांची हीच गत आहे. त्यांनीं अर्धें संगीत ऐकलेलें असतें, आणि निकाल मात्र पुरा दिलेला असतो.

तबकड्या एवढाल्या कां, याचेंही कारण हाच खर्ज. नाद जितका खोल आणि बलवान, तितकी खांच अधिक हेलकावे घेते, आणि शेजारच्या खांचेस जागा सोडावी लागते. बारा इंचांच्या तबकडीवर एका बाजूस वीस-पंचवीस मिनिटांचें गाणें सहज मावतें. येथें तेवढ्याच जागेंत सहा-सात मिनिटांची एकच चीज ऐसपैस बसविलेली असते. त्यांतही खर्ज डाव्या-उजव्या कानांत वांटतां येत नाहीं, मध्यभागींच ठेवावा लागतो, नाहीं तर सुई खांचेंतून उडते. ज्यांना हा सगळा खटाटोप गोंगाटासाठीं चालला आहे असें वाटतें, त्यांनीं एकदां तरी तबकडी उजेडांत तिरपी धरून पाहावी. खर्ज जेथें आहे तेथें खांचा नुसत्या डोळ्यांना रुंद दिसतात.

आतां लय. या संगीताच्या ताशाची गति मिनिटाला सुमारें १७० ठोक्यांची असते. परंतु खालचा खर्ज चालतो तो बहुधा निमपटीनें, ८५ च्या सावकाश चालीनें. म्हणजे एका वेळीं दोन लयी, एकीच्या पोटांत दुसरी. आमच्याकडे बडा ख्याल संपला म्हणजे छोटा ख्याल येतो. येथें दोन्ही एकदमच चाललेले असतात, आणि ऐकणाराला वाटेल त्या लयीवर उभें राहण्याची मुभा असते. लंडनच्या नाचघरांत आम्हीं हें डोळ्यांनीं पाहिलेलें आहे. त्याच तालावर एक मुलगा पिसाटासारखा पाय टाकीत असे, आणि त्याच्या शेजारचा मान किंचित् झुलवीत जागच्या जागीं उभा असे. आणि दोघेही लयींत असत.

ही दुहेरी चाल आकाशांतून पडली नाहीं. १९४८ सालीं ‘एम्पायर विंडरश’ हें जहाज टिलबरीच्या धक्क्याला लागलें, आणि त्यानंतर जमैका वगैरे बेटांवरून जीं माणसें इंग्लंडांत कामासाठीं येत गेलीं, त्यांनीं आपल्याबरोबर खर्जाचें वेडही आणलें. जमैकांत ‘साउंड सिस्टिम’ म्हणून एक प्रकार आहे: कपाटाएवढ्या ध्वनिक्षेपकांच्या भिंती उघड्यावर रचावयाच्या, आणि खर्ज कानांनीं नव्हे तर बरगड्यांनीं ऐकावयाचा. त्या माणसांचीं मुलें आणि शेजारच्या गोऱ्या मजुरांचीं मुलें लंडन-ब्रिस्टलच्या त्याच त्या वस्त्यांतून वाढलीं, आणि १९९० नंतरच्या दोनचार वर्षांत त्यांनीं अमेरिकेंतील कृष्णवर्णीयांचा नगारा व जमैकाचा खर्ज यांचें लग्न लावलें. परक्या देशांत जन्मलेल्या, नोकरी नसलेल्या आणि पोलिसांच्या डोळ्यांत खुपणाऱ्या पोरांनीं केलेलें हें संगीत आहे. तें शांत कसें असेल?

इंग्लंडचें कायदेमंडळही आमच्या स्नेह्यांच्याच मताचें होतें. रात्रभर माळावर चालणाऱ्या ज्या नाचांतून हें संगीत वर आलें, ते पोलिसांस पांगवितां यावेत म्हणून १९९४ सालीं एक कायदा झाला. आणि त्यांत संगीताची अशी व्याख्या घालण्यांत आली कीं, जे आवाज सर्वस्वीं किंवा मुख्यतः एकामागून एक पुन्हां पुन्हां येणाऱ्या ठोक्यांनीं ओळखले जातात, तेही ‘संगीत’ या शब्दांत धरावेत. धरावेत कशासाठीं, तर बंद पाडतां यावेत म्हणून! कायदेपंडितांच्या या व्याख्येंत तीनतालाचा ठेका बसतो, लेझीम बसते, आषाढींतील दिंडीचे टाळ बसतात, आणि आमच्या स्नेह्यांना प्राणाहून प्रिय असलेली ठुमरीच्या शेवटची लग्गीही बसते. गोंगाट या शब्दाचा अर्थ बहुतेक वेळां ‘दुसऱ्याची लय’ एवढाच असतो.

यंत्राविषयींचा आक्षेप याहून अधिक विचार करण्याजोगा आहे, कारण तो अर्धा खरा आहे. हें संगीत करणारा मनुष्य पुढें बसून नगारा वाजवीत नाहीं. ‘सँपलर’ नांवाच्या यंत्रांत तो जुन्या तबकडीवरचा नगाऱ्याचा एक तुकडा उतरून घेतो, त्याचे ठोके एकेक करून सुटे पाडतो, आणि मग ते नव्या क्रमानें लावतो. परंतु हें वर्णन ऐकून तबल्याच्या जाणत्याला कशाची तरी आठवण व्हावी. कायद्याचा नियम काय? मूळ बोलांत जीं अक्षरें आहेत तींच फिरवावयाचीं, तोडावयाचीं, उलटावयाचीं, दुमडावयाचीं. बाहेरचें अक्षर आणावयाचें नाहीं. त्या बंधनांतच पलट्यांची सारी गंमत आहे. लंडनच्या एखाद्या बंद खोलींत चार दिवस चार रात्री त्या सोळा मात्रांशीं झटणारा पोरगा दुसरें काय करीत होता? त्याला कायदा हा शब्द ठाऊक नव्हता, आणि आमच्या तबलजीप्रमाणें तो पलटा आमच्यासमोर, त्या क्षणीं, चुकण्याचा धोका पत्करून करीत नव्हता. हा भेद मोठा आहे आणि तो आम्ही लपवीत नाहीं. परंतु यंत्रानें ठोका निर्माण केला नाहीं. ठोका माणसाच्याच मनगटाचा आहे. त्यांतला हलका हात, जड हात, किंचित् मागें रेंगाळणें, हें सारें त्या तुकड्याबरोबर जसेंच्या तसें येतें, आणि म्हणूनच तीस वर्षें लोक तोच तुकडा घेत आहेत.

येथें एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. हा मूळ तुकडा मिनिटाला सुमारें १३६ च्या गतीचा आहे. जुनी तबकडी नुसती जलद फिरवून तो १७० वर नेला, म्हणजे चाराचे पांच झाले. आणि गति वाढली कीं नादही त्याच प्रमाणांत चढतो. चारास पांच हें प्रमाण षड्जाला शुद्ध गंधाराचें. म्हणजे त्या वादकाचा ताशा नव्या तबकड्यांत जवळजवळ षड्जावरून गंधारावर चढलेला आहे, आणि या संगीताची ती ओळखीची, किंचित् बारीक झालेली, धांवपळीची चांट त्यांतून निघालेली आहे. पुढें यंत्रें सुधारलीं आणि नाद न चढवितां गति वाढवितां येऊं लागली, तेव्हां आवाजांत एक धातूसारखी खरखर येऊं लागली; ती खरखरही या लोकांनीं टाकून न देतां अलंकारासारखी वापरली.

सारेंच थोर आहे असें आमचें म्हणणें नाहीं. आमच्या तबकड्यांपैकीं चाळीसेक आज ऐकवत नाहींत; एकदां सांपडलेली युक्ति घासून घासून तिचें पाणी उतरविलेलें आहे, आणि त्या आम्हीं कां घेतल्या याचें उत्तर तरुणपण याखेरीज आम्हांस देतां येत नाहीं. परंतु गोल्डीच्या १९९५ च्या ‘टाइमलेस’ची वीस मिनिटांहून मोठी पहिली चीज या वेळीं ऐकतांना, डायान शार्लमेन यांचा सूर त्या धांवत्या ठोक्यांच्या माथ्यावर ज्या संथपणें पसरतो, तो ऐकून आम्ही पुसण्याचें फडकें हातांत तसेंच धरून बसून राहिलों. गाणारी बाई २०१५ सालीं वारली. फोटेकच्या १९९७ च्या ‘नि-तेन-इचि-र्यू’मध्यें तर ठोक्यांहून ठोक्यांमधल्या मोकळ्या जागाच अधिक बोलतात, नांव दोन तलवारींच्या जपानी विद्येचें आहे आणि तें शोभतें. त्याच वर्षीं ब्रिस्टलच्या रॉनी साइझ व त्याच्या मंडळींच्या ‘न्यू फॉर्म्स’ला इंग्लंडांतील मर्क्युरी पारितोषिक मिळालें, दोन वर्षांनीं तेंच पारितोषिक तबला शिकलेल्या तल्विन सिंग यांना मिळालें. हॉक्सटन चौकांतील ‘ब्लू नोट’ या एकाच नाचघरांत रविवारीं गोल्डीच्या मंडळींची बैठक असे आणि सोमवारीं तल्विन सिंग यांची. तबला आणि हा नगारा एकमेकांचे सोयरे आहेत हें आम्ही आज शोधून काढीत नाहीं. ज्यांनीं दोन्ही हाताळले त्यांनीं तें तेव्हांच ओळखलें होतें.

राहिली चोरी. या आक्षेपापाशीं आलों आणि आमची लेखणी थबकली, कारण येथें आमच्या स्नेह्यांचें बोट योग्य जागेवर पडलें होतें. मात्र तें कोठें पडलें आहे हें त्यांस माहीत नव्हतें.

१९६९ सालीं वॉशिंग्टनच्या ‘द विन्स्टन्स’ या मेळाची एक तबकडी निघाली. तिच्या पहिल्या बाजूवरील ‘कलर हिम फादर’ हें गीत गाजलें, त्याला ग्रॅमी पारितोषिकही मिळालें. दुसऱ्या बाजूवर ‘आमेन, ब्रदर’ ही नुसत्या वाद्यांची चीज होती. तिच्या मध्यावर बाकीचीं सर्व वाद्यें थांबतात, आणि ग्रेगरी कोलमन नांवाचा वादक एकटा नगारे वाजवितो: चार-चार मात्रांचे चार खंड, सोळा मात्रा, सुमारें सात सेकंद. पहिल्या दोन खंडांत तो ठेका सरळ मांडतो. तिसऱ्यांत ताशाचा एक ठोका मुद्दाम मागें ओढतो. चवथ्यांत पहिली मात्रा, जिच्यावर सगळ्यांची मान हलावयाची, तीच रिकामी सोडतो, आडवा जातो, आणि झांज जेथें पडेल असें वाटतें त्याच्या आधींच टाकून मोकळा होतो. एखाद्या तबलजीनें असें केलें असतें तर आमच्या स्नेह्यांनीं ‘क्या बात है!’ म्हणून गुडघ्यावर थाप मारली असती, आणि दुसऱ्या दिवशीं फोन करून आम्हांस ती जागा तोंडानें म्हणून दाखविली असती.

सतरा वर्षें त्या सात सेकंदांची कोणी विशेष वास्तपुस्त केली नाहीं. १९८६ सालीं जुन्या नगाऱ्यांच्या जागा एकत्र करून काढलेल्या एका संग्रहांत ती चीज आली, आणि तेथून ती प्रथम अमेरिकेंतील व मग इंग्लंडांतील पोरांच्या यंत्रांत गेली. आज त्या तुकड्यावर उभ्या असलेल्या तबकड्या हजारोंनीं मोजाव्या लागतात. कोलमन २००६ सालीं अटलांटा शहरांत बेघर व निष्कांचन स्थितींत वारला. मेळाचा नायक रिचर्ड स्पेन्सर याला ही गोष्ट समजली तीच १९९६ च्या सुमारास. तोंवर दाद मागण्याची मुदत टळून गेलेली होती. २०१५ सालीं इंग्लंडांतील कांहीं तबकडीवाल्यांच्या मनानें खाल्लें आणि वर्गणी काढून त्यांनीं त्याला २४,००० पौंड दिले. स्पेन्सरही २०२० सालीं गेला. कोलमनच्या वांट्याला जिवंतपणीं कांहींच आलें नाहीं.

ही चोरी नव्हे काय? आमचे स्नेही विचारतील. आमचें उत्तर असें कीं, चोरी हा शब्द येथें अपुरा आहे. तो वापरून आपण सुटून जातों. समजा, लंडनच्या त्या प्रत्येक पोरानें कायद्याप्रमाणें पैन् पै भरली असती. तो पैसा कोणाच्या नांवें जमा झाला असता? ध्वनिमुद्रणाच्या मालकाच्या, आणि चीज रचणाऱ्याच्या. सात सेकंद ज्याच्या मनगटांतून निघाले त्याला रचनाकार मानण्याची त्या व्यवहारांत चालच नव्हती. क्लाइड स्टबलफील्ड याची गोष्ट पाहावी. जेम्स ब्राउनच्या १९७० च्या ‘फंकी ड्रमर’मधील त्याचा ठेकाही असाच असंख्य तबकड्यांत गेला, २०१७ सालीं तो वारला तोंवर, रचनेच्या हक्कांत त्याचें नांव नाहीं म्हणून, त्या उसनवारीचा वाटा त्याला मिळाला नाहीं. स्वर लिहिणारा तो कवि, आणि लय धरणारा तो मजूर, अशी वर्णव्यवस्था कायद्यानेंच मानलेली आहे. चोरी मालकाची होते. ज्याला मालकच मानलें नाहीं त्याची चोरी कोण आणि कोणत्या कचेरींत नोंदविणार? त्याला ज्या गोष्टीला मुकावें लागलें ती आधीं पैसा नव्हती, नांव होतें.

आतां आमची पाळी. आम्ही इंग्लिश वाङ्मय शिकविण्याचा धंदा करतों. विद्यार्थ्याच्या प्रबंधांत दुसऱ्याची एक ओळ अवतरणचिन्हांवांचून आढळली तर तोंडी परीक्षेंत त्याला घाम फोडतों. आणि आमच्या घरांत १४२ तबकड्या. या वेळीं आम्हीं कागद घेऊन बसलों आणि कानानें मोजलें: त्यांपैकीं ६१ तबकड्यांत कोलमनच्या सोळा मात्रा आहेत, कोठें उघड, कोठें इतक्या तुकडे करून कीं चारदां ऐकावें तेव्हां ती मागें ओढलेली चांट ओळखूं यावी. लेबलें भिंगाखालीं धरलीं. काढणाराचें नांव आहे, छापणाराचें आहे, कांहींवर तबकडी कोरणाऱ्या कारागिराची आद्याक्षरें सुद्धां मधल्या कोऱ्या कड्यांत सुईनें खरडलेलीं आहेत. कोलमनचें नांव एकाही तबकडीवर नाहीं. आणि लंडनमध्यें दोन वर्षें त्याच्या मनगटावर नाचत असतां हा कोण, असें आम्हींही कोणाला एकदां विचारलें नव्हतें.

हें सर्व सांगावयास आम्ही स्नेह्यांच्या घरीं गेलों. तेथें त्यांच्या वडिलांनीं जमविलेला ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकड्यांचा मोठा संग्रह आहे, आणि त्यांचा त्यांस रास्त अभिमान आहे. त्यांनीं एक ख्याल लावला. तीन मिनिटांत बाईंनीं रागाचें सबंध रूप उभें केलें. आणि दोन आवर्तनांच्या मध्यें सारंगीनें एक अशी जागा घेतली कीं आम्ही दोघेही हंसलों. आम्हीं विचारलें, “सारंगीवर कोण?” ते म्हणाले, “अहो, असेल कोणी तरी संगतकार.” लेबल पाहिलें: बाईंचें नांव, रागाचें नांव, भाषा, क्रमांक. तबलजी नाहीं, सारंगिया नाहीं. दुसरी काढली, तिसरी काढली. तेंच.

गौहरजानांनीं १९०२ सालीं कलकत्त्यास पहिल्या तबकड्या दिल्या, तेव्हांपासून आरंभींच्या कित्येक तबकड्यांच्या शेवटीं गाणारी व्यक्ति स्वतःचें नांव मोठ्यानें सांगते. तबकडी परदेशांत तयार व्हावयाची आणि तेथल्या कारागिरांना कोणाची कोणती हें कळावें म्हणून ती सोय होती. त्या नांवाची आम्हांस मौज वाटते, आम्ही त्याच्या नकला करतों. परंतु त्याच कर्ण्यापुढें, त्याच खोलींत, हातभर मागें जो बसला होता त्याला कोणी म्हटलें नाहीं कीं, बाबा रे, तूंही आपलें नांव सांग. थिरकवा खांसाहेब गंधर्व मंडळींत तबला वाजवीत हें आम्हांस ठाऊक आहे, कारण पुढें ते स्वतःच्या बळावर थिरकवा झाले. जे झाले नाहींत, ते कोठें आहेत? आमच्या संगीताच्या टीकेंत आलापावर चार पानें असतात आणि शेवटीं ‘संगत समर्पक होती’ हें वाक्य असतें. बैठकींत पहिला चहा कोणाला जातो, बिदागीची वाटणी कशी होते, वाहनांत पुढें कोण बसतो, हें वाचकांनीं पाहिलेलें आहे. तें आम्हीं सांगण्याची गरज नाहीं.

“संगतकार तो संगतकारच,” स्नेही जरा चिडून म्हणाले. “गाण्याचा भार त्याच्यावर नसतो.” आम्हीं म्हटलें, इंग्लंडच्या त्या पोरांनीं नेमकें हेंच उलटें करून दाखविलें. त्यांनीं मागें बसलेल्याला उचलून पुढें बसविलें, गाणाराला त्याच्या संगतीला दिलें, आणि सोळा मात्रा हेंच सबंध गाणें होऊं शकतें हें सिद्ध केलें. एवढें करून त्याचें नांव मात्र त्यांनीं लिहिलें नाहीं. या एका बाबतींत ते आपल्यासारखेच सज्जन निघाले. त्यावर आमचे स्नेही कांहीं बोलले नाहींत. त्यांनीं तीच तबकडी पुन्हां पहिल्यापासून लावली.

आमच्या पुतण्याचें मत याहून सुटसुटीत आहे. “काका, हें सगळें फोनवर ऐकायला मिळतं. यांतल्या काहींना बाहेर चांगली किंमत आहे, विकून टाका.” किंमत आहे हें खरें. जुन्या तबकड्या विकत घेऊन, न वाजवितां, बंद वेष्टनांत ठेवणारे लोक जगांत आहेत, आणि त्यांना आमच्या दोनचार तबकड्या हव्याही असतील. परंतु जुनी तबकडी हातोहात विकली म्हणजे तिच्यावरचें संगीत करणाऱ्या कोणालाही कपर्दिक मिळत नाहीं. कोलमनच्या वारसाला तर नाहींच. ज्या व्यवहारांत वाजविणारा पहिल्यानेंच उपाशी राहिला, त्याची आणखी एक फेरी आमच्या हातून व्हावी, हें आमच्या मनास येत नाहीं. आणि फोनमध्यें खर्ज नाहीं, हें आधींच सांगितलें आहे.

तबकड्या आतां वरच्या खणांत गेल्या आहेत. जुनीं कागदी पाकिटें बुरशीनें गेलीं होतीं, तीं टाकून नवीं घातलीं. आणि त्या ६१ पाकिटांवर कोंपऱ्यांत आम्हीं शिसपेन्सिलीनें लिहिलें: नगारा — ग्रेगरी कोलमन, १९६९. आणखी कांहींवर स्टबलफील्डचें नांव गेलें. स्नेह्यांच्या वडिलांनीं तबकड्या घेतांना टिपणें करून ठेवलेली एक वही होती, तींत सारंगियाचें नांव असावें असें त्यांस परवां एकाएकीं आठवलें. माळ्यावर शोध चालूं आहे, वही अद्याप मिळालेली नाहीं. आमच्याकडील तेरा तबकड्यांवरचा ठेका मूळ कोणाचा, हें आम्हांसही उमगलेलें नाहीं. त्या वेगळ्या काढून ठेविल्या आहेत. मोठा स्पीकर दुरुस्त होऊन आला आहे. येत्या रविवारीं त्या पुन्हां लावणार आहोंत.